गाऊस सोडून गणित आणि फिजिक्स दोन्हीत भारी असलेला जर्मन कोण?

गाऊसला तुम्ही प्रश्नातच बाद केलंत ते बरं झालं, नाहीतर सगळी उत्तरं त्याच्यावरच आली असती. माझं मत युलियुस प्ल्यूकरला. जन्म १८०१, एल्बरफेल्डचा, नोकरी बरीचशी बॉन युनिव्हर्सिटीत.

आधी गणित. शाळेत आपण ग्राफवर बिंदूला एक्स-वाय देतो ना, तर हा म्हणाला रेषेलाच थेट आकडे का देऊ नयेत? कागदावरच्या रेषेला दोन आकडे पुरतात, पण थ्रीडीतल्या रेषेला चार लागतात, म्हणजे बिंदूंऐवजी रेषा धरून मोजायला गेलं की आपली नेहमीचीच जागा चार मितींची होऊन बसते! मला तरी हे अजूनही भन्नाट वाटतं. पण तेव्हा बर्लिनमध्ये याकोब स्टाइनर या भूमितीवाल्या गणितज्ञाचं वजन होतं आणि त्याला समीकरणं मांडून केलेली भूमिती अजिबात पटायची नाही, दोघांचं काही जमलं नाही आणि जर्मनीत प्ल्यूकरला हवा तो मान मिळालाच नाही.

मग १८४७ ला गडी बॉनमध्येच फिजिक्सचा प्रोफेसर झाला आणि भूमिती जवळजवळ सोडूनच दिली. तिथे त्याला गाइस्लर नावाचा काचकाम करणारा जबरदस्त कारागीर भेटला. त्याने पाऱ्याचा पंप वापरून नळीतली हवा इतकी काढली की वीज सोडल्यावर आतला उरलेला गॅस चमकायचा. प्ल्यूकरने १८५८ च्या आसपास दाखवलं की कॅथोडजवळ (म्हणजे नळीतल्या विजेच्या ऋण टोकाजवळ) काचेवर पडणारा उजेड लोहचुंबक जवळ नेला की सरकतो, म्हणजे तो पाडणारं जे काही कॅथोडमधून निघतं ते चुंबकाने वळतं. पुढे त्याच्याच हाताखाली शिकलेल्या हिटॉर्फने ते काम नेटाने चालवलं आणि १८९७ ला इंग्लिश फिजिसिस्ट जे. जे. थॉमसन इलेक्ट्रॉनपर्यंत पोचला तो याच वाटेने. (गाइस्लरचं नाव कोणी घेत नाही, माझ्या मते अर्धं श्रेय त्याचं.)

इंग्लंडमध्ये मात्र कदर झाली, १८६६ ला रॉयल सोसायटीचं कॉप्ली मेडल मिळालं. तोवर हा परत भूमितीकडे वळला होता, रेषांवरचं मोठं पुस्तक लिहायला घेतलं आणि ते अर्धवट असतानाच १८६८ ला गेला. दुसरा भाग पुरा केला त्याच्या असिस्टंटने, पुढे मोठा गणितज्ञ झालेल्या फेलिक्स क्लाइनने, वय जेमतेम वीस. गंमत म्हणजे क्लाइनला खरंतर फिजिसिस्ट व्हायचं होतं.