फिरतं लोकरीचं दुकान लावताय? गाडीच्या आधी वही घ्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत घरूनच लोकर आणि क्रोशाचं साहित्य विकता. आता जुनी मारुती ईको व्हॅन घेऊन दिवाळी ते संक्रांत पुणे-नाशिक-कोल्हापूरकडच्या जत्रा-प्रदर्शनांत फिरावं असं मनात आहे. गाडी कशी करू, माल किती भरू, आणि थंडी सरली की काय करू? मी आणि माझी जाऊ नाशिकहून नऊ हिवाळे हेच करतोय. सांगते ते सगळं त्यातलंच आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जी मला पहिल्या वर्षी कुणी सांगितली नाही. लोणच्याची बरणी विकली की व्यवहार पुरा होतो. लोकर विकली की तिथून तो सुरू होतो. बाई लोकरीचे चार गुंडे घेऊन घरी जाते, पाठ विणते, पुढचा भाग विणते, आणि दुसऱ्या बाहीच्या कोपराशी लोकर संपते. तोवर महिना उलटलेला असतो. गावातलं दुकान जागेवर असतं, ती पिशवी घेऊन परत जाते. आपलं दुकान तेव्हा दीडशे किलोमीटरवर दुसऱ्याच मैदानात उभं असतं.

पहिल्या हिवाळ्यात एका बाईंनी नवऱ्याच्या स्वेटरसाठी मरून रंगाचे पाच गुंडे नेले. महिन्याने फोन आला, एक गुंडा कमी पडला. मी त्याच कंपनीचा, त्याच शेड नंबरचा गुंडा कुरियरने पाठवला आणि निश्चिंत झाले. आठ दिवसांनी त्यांनी फोटो पाठवला. अंगाचा मरून विटकरीकडे झुकणारा आणि डाव्या बाहीचा कोपराखालचा भाग जांभळट. शेड एकच होती, लॉट वेगळा होता. सूत वेगवेगळ्या खेपेला रंगवलं की शेड नंबर तोच राहतो, पण रंगात केसाएवढा फरक पडतो. दोन गुंडे हातात धरून तो दिसत नाही, विणून शेजारी आला की लपत नाही. त्या बाई मला एक शब्द लागेल असं बोलल्या नाहीत, पण तो स्वेटर उसवावा लागला आणि त्यांचे वीस दिवस गेले, हे मला आजही आठवतं.

तेव्हापासून गाडीत वही असते. फोन नंबर, गाव, काय विणणार, शेड, लॉट, किती गुंडे, कुठल्या तारखेला. एवढं लिहायला अर्धा मिनिट लागतो. मोठ्या कामाची लोकर विकली की त्या लॉटचे एक-दोन गुंडे मी वेगळ्या खोक्यात बाजूला काढते आणि दीड महिना ते कुणालाही देत नाही. गिऱ्हाइकाला सांगते, जास्तीचे आत्ताच न्या. पट्टा न काढलेला, न उघडलेला गुंडा संक्रांतीपर्यंत परत घेईन, पूर्ण पैसे देईन. दहातल्या सात-आठ जणी परत करतच नाहीत, उरलेल्यातून टोपी विणतात. ज्या परत करायला येतात त्या नवीन काहीतरी घेऊन जातात. आणि लॉट संपलाच असेल तर फोनवर उपाय सांगते: थोडं मागे उसवा, आणि दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन नव्याच्या अशा आलटून पालटून विणा. किंवा नवा लॉट फक्त गळपट्टी, मनगट आणि खालच्या पट्टीला वापरा. तिथे वीणच वेगळी असते, त्यामुळे फरक डोळ्यांत भरत नाही.

किती लोकर लागेल हे तुम्हाला तोंडपाठ हवं, कारण विचारणार तुम्हालाच. नवजात बाळाचा स्वेटर, टोपडं आणि मोजे साधारण 150 ग्रॅममध्ये होतात. बाईच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला 450 ते 500, पुरुषाच्या 550 ते 650 ग्रॅम. वेण्यांची वीण असेल तर वर एक गुंडा धरायचाच. सुयांचाही घोळ नीट समजून घ्या. आपल्या आज्या-आत्या ज्याला 8 नंबरची सुई म्हणतात ती जुनी इंग्लिश मोजणी, म्हणजे 4 मिलिमीटर. मोबाइलवर अमेरिकन व्हिडिओ बघून आलेली कॉलेजची मुलगी 8 नंबर मागते तेव्हा तिला 5 मिलिमीटरची हवी असते. जुन्या मोजणीत नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांच्याकडे जाड होते. मी सुई मापायची भोकांची पट्टी काउंटरला दोरीने बांधून ठेवलीय. घरची जुनी सुई आणा, मापून देते असं सांगितलं की बायका दुसऱ्या दिवशी परत येतात.

आता हंगामाचं. माझ्या पाहण्यात सगळ्यांची पहिली चूक इथेच होते. कडाक्याची थंडी पडली की लोकर खपेल असं वाटतं. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात तेव्हा लोक तयार स्वेटर घ्यायला धावतात, तेही शहरात तिबेटी विक्रेत्यांचा बाजार लागलेला असतो तिथे. विणणारी बाई महिना-दीड महिना आधी घेते. म्हणून आमचा खरा धंदा नवरात्रापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत. काळी लोकर हे याचं उत्तम उदाहरण. बोरन्हाणाला बाळाला काळं झबलं, काळं टोपडं हवं, त्यावर हलव्याचे दागिने. संक्रांत 14 जानेवारीच्या आसपास, विणायला तीन आठवडे, म्हणजे काळी लोकर नाताळाच्या आत विकली गेली तरच विकली गेली. एका वर्षी मी ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हौसेने पुढे मांडली आणि जवळजवळ सगळी परत आणली.

संक्रांतीनंतर काय, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आपल्याकडे लोकर ही फक्त थंडीची वस्तू कधीच नव्हती. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू, आणि रुखवतात अजूनही हातची वस्तू लागते: क्रोशाचे रुमाल, लोकरीचं तोरण, ताटाभोवतीची झालर. बाळंतविडा तर बारा महिने. गुढीपाडव्याआधी तोरणाला केशरी, पिवळा आणि हिरवा खपतो. फेब्रुवारीपासून मी जाड लोकर घरी ठेवते आणि सुती दोरा, बारीक क्रोशाच्या सुया, मणी, लाकडी कड्या भरते. हल्ली मुली क्रोशाची छोटी खेळणी, फुलं, किचेन करतात. त्यांना एका रंगाचे चार गुंडे नकोत, दहा रंगांचे 25-25 ग्रॅम हवेत. त्यांच्यासाठी पुडे बांधून ठेवा. त्यात नफाही बरा सुटतो.

गाडीबद्दल लांबण लावत नाही. लोकरीला वजन नसतं, जागा लागते. वजनाची मर्यादा गाठायच्या कितीतरी आधी गाडी गच्च होते. ईको घेणार असाल तर कार्गोच घ्या, पिवळ्या पाटीची. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून धंद्याचा माल वाहणं नियमात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा अडतो. मालासकट एकूण वजन 3000 किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, ही सोय आहे. मात्र बाजूचा पत्रा कापून खिडकी काढायचा विचार असेल तर आधी आरटीओची परवानगी. आम्ही काहीच कापलेलं नाही. मागचं दार वर उघडतं, त्याखाली टेबल, बाजूला दोन जाळीचे रॅक आणि वर ताडपत्री, एवढ्यावर भागतं. ताडपत्रीच्या चारी पायांना वीस-वीस लिटरचे पाण्याचे कॅन बांधा. मैदानावर दुपारी वावटळ उठते तेव्हा विटा पुरत नाहीत.

आणि ताडपत्री गाडीपेक्षा दोन फूट पुढे घ्या. एका नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला, वीस मिनिटांचाच. खालच्या टोपल्यांतले गुंडे भिजले. ॲक्रेलिकला पाण्याने काही होत नाही, घरी पसरलं, दोन दिवसांत खडखडीत वाळलं. पण गुंड्यांचे कागदी पट्टे लगद्यासारखे सुटून आले आणि त्यांच्याबरोबर शेड गेली, लॉट गेला. ऐंशीएक गुंडे हातात, चांगले, स्वच्छ, पण कुठला कुठल्याचा जोडीदार हे सांगणारं काही नाही. ते सगळे मला खेळण्यांच्या पुड्यांत सुटे करून घालवावे लागले. आता प्रत्येक लॉट पारदर्शक चेनच्या पिशवीत असतो आणि पिशवीवर मार्करने नंबर. हात लावून बघायला प्रत्येक शेडचा एकच गुंडा बाहेर. धूळ बसते ती त्या एकावर, ऊन लागून फिका पडतो तोही तोच.

दिव्यांवर खर्च करा. जत्रेत गर्दी संध्याकाळची, आणि पिवळ्या दिव्याखाली नेव्ही ब्लू आणि काळा, मोतिया आणि पांढरा एकच दिसतात. पांढऱ्या उजेडाचे, रंग खरे दाखवणारे एलईडी घ्या, खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 किंवा वर लिहिलेलं बघून. तरीही अंधार पडल्यावर गडद रंग विकताना मी नाव मोठ्याने सांगते, "काकू, हा काळा नाही, नेव्ही आहे," आणि पिशवीवरचं नाव वाचून घ्यायला लावते.

मांडणीत सगळ्यात जास्त माल खपवतो तो विणलेला नमुना. नुसत्या गुंड्यांच्या भिंतीसमोर लोक "छान रंग आहेत" म्हणून पुढे जातात. त्याच लोकरीचं टोपडं टांगलं आणि खाली चिठ्ठी लावली, एक गुंडा, 10 नंबरच्या सुया, चार संध्याकाळी, की हात थांबतो. जमलं तर स्वतः विणत बसा. शेजारी एक मोकळी खुर्ची ठेवा. चुकलेलं विणकाम पिशवीतून काढून दाखवायला बायका येतात, पडलेला टाका क्रोशाच्या सुईने वर ओढून दिला की ओळख होते. त्या ओळखीवर माझा निम्मा धंदा उभा आहे.

पैशांचा हिशेब कडक ठेवा. लोकरीत सरासरी पाव हिस्सा सुटतो असं धरा. स्टॉलचं भाडं दिवसाला 3000 असेल तर 12000 ची विक्री नुसत्या भाड्यात जाते, म्हणजे शंभराच्या भावाने 120 गुंडे. डिझेल-पेट्रोल, जेवण, मुक्काम अजून बाकीच. म्हणून मोठ्या झगमगाटाच्या प्रदर्शनाचं नाव ऐकून पहिल्या वर्षी उडी घेऊ नका. आधी एक दिवस गिऱ्हाईक म्हणून जा, किती बायका हातच्या वस्तूंपाशी थांबतात ते मोजा. आठवडी बाजारात पावती फाडून पन्नास-शंभरात जागा मिळते, पण तिथे स्वस्त लोकर आणि सुयाच चालतात. पहिल्या खेपेला पन्नास शेड दोन-दोन गुंडे भरण्यापेक्षा पंधरा शेड दहा-दहा, एका लॉटचे भरा. सहा गुंडे मागणाऱ्या बाईला दोनच दाखवले तर ती दोनही घेत नाही.

कागदपत्रं: फक्त महाराष्ट्रात माल विकत असाल आणि वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. मात्र गोव्यात हंगामी स्टॉल लावायची इच्छा असेल (हणजुण्याचा, म्हणजे अंजुनाचा, बुधवारचा बाजार, हडफड्याचा शनिवार रात्रीचा) तर राज्य बदलतं आणि ही सूट चालत नाही. जीएसटीची कॅज्युअल, म्हणजे तात्पुरती, नोंदणी काढावी लागते, निदान 5 दिवस आधी अर्ज, अंदाजे कर आगाऊ भरायचा, मुदत 90 दिवस. तोलून विकणार असाल तर इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर वैध मापन विभागाचा शिक्का दरवर्षी नवा हवा, आणि स्वतः बांधलेल्या पुड्यांवर वजन, किंमत, महिना, नाव-पत्ता. कोकण-गोव्याच्या दमट हवेत खरी लोकर तोलून विकू नका. मेंढीची लोकर हवेतलं पाणी पिते, हाताला कोरडीच लागते, पण काट्यावर जड भरते. गिऱ्हाइकाला पाण्याचे पैसे द्यायला लावल्यासारखं होतं. तिथे गुंड्यावर विका.

हे "खरी लोकर" प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण मराठीत सगळ्यालाच लोकर म्हणतो, पण गाडीतला बहुतेक माल ॲक्रेलिकच असतो. विचारलं तर सरळ सांगा, आणि बाळासाठी घेत असतील तर न विचारताही सांगा. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी असते, धुरी देतात. ॲक्रेलिक विस्तवाजवळ वितळतं आणि कातडीला चिकटतं. माझ्याकडे दोन धाग्यांचे तुकडे असतात, गिऱ्हाइकासमोर चिमट्यात धरून पेटवून दाखवते. मेंढीच्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. ॲक्रेलिकचा काळा टणक मणी होतो. तो मणी एकदा हातात दिला की जास्त बोलावं लागत नाही. कितीतरी आज्यांनी त्यानंतर बाळाच्या झबल्यासाठी सुती दोरा नेलाय आणि ॲक्रेलिकचं फक्त बाहेर जातानाचं टोपडं केलंय.

दख्खनी मेंढीची लोकर ठेवायची का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. ती जाडीभरडी असते, घोंगडीला उत्तम, गळ्याला टोचते. स्वेटरसाठी कुणाला देऊ नका. आसनं, पिशव्या, भिंतीवरची विणकामं करणाऱ्या मुली आवडीने घेतात, म्हणून मी चार-पाच किलो ठेवते, काळी आणि करडी, न रंगवलेली. ती मात्र वेगळ्या डब्यात, घट्ट झाकणाच्या, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून बघायची. कसर लागली तर आधी डब्याच्या तळाशी वाळूसारखे कण दिसतात.

नाशिकला माल बघायला येणार असाल तर दसऱ्याच्या आधी या. मागच्या दोन वर्षांची वही दाखवते, कुठल्या गावात कुठली शेड गेली ते सगळं त्यात आहे.