वाचकांचे प्रश्न : लहान मुलांचा तीव्र इसब आणि मलमांपुढची औषधे

प्रश्न : आमची मुलगी साडेतीन वर्षांची, वजन 12 किलो. पाच महिन्यांची असल्यापासून अंगभर इसब आहे. रात्रभर खाजवते, सकाळी चादरीला रक्ताचे डाग असतात. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की एका नव्या इंजेक्शनच्या चाचणीत तिचं नाव घालता येईल. सासूबाई म्हणतात, पोरीवर प्रयोग नकोत. शिवाय निम्म्या मुलांना खोटं औषध देतात असं ऐकलं. काय करावं? — एक आई, देवगड

उत्तर : सासूबाईंची भीती समजण्यासारखी आहे. पण सहा वर्षांखालच्या मुलांना पोटातून किंवा टोचून द्यायची इसबाची औषधे बरीच वर्षे मोठ्यांच्या अनुभवावरून, अंदाजानेच दिली गेली. या वयात कोणतं औषध किती द्यावं, हे चाचणीशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही.

चाचणी कशी असते, ते झालेल्या एका चाचणीवरून पाहू. डुपिलुमॅब या इंजेक्शनची सहा महिने ते सहा वर्षांखालच्या 162 मुलांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेत या वयासाठी मान्यता मिळाली. मुलांचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले. एका गटाला दर चार आठवड्यांनी औषध (5 ते 15 किलोखालच्या मुलांना 200 मिलिग्रॅम, 15 ते 30 किलोखालच्यांना 300), दुसऱ्याला दिसायला तसंच पण औषध नसलेलं इंजेक्शन. कोणाला काय मिळतंय हे आईवडिलांनाही ठाऊक नव्हतं, तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. मात्र दोन्ही गटांना 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोनचं सौम्य मलम होतं, आणि त्रास हाताबाहेर गेला तर जास्त प्रभावी औषध देण्याची मुभा होती. म्हणजे दुसऱ्या गटातली मुलंही उपचाराविना ठेवलेली नव्हती.

सोळा आठवड्यांनी इसबाच्या तीव्रतेचे गुण 75 टक्के किंवा अधिक उतरलेली मुलं औषधाच्या गटात शंभरात 53 होती, दुसऱ्या गटात 11. त्वचा स्वच्छ किंवा जवळजवळ स्वच्छ झालेली अनुक्रमे 28 आणि 4. यातला 11 हा आकडा नीट पाहा. औषध नसतानाही काही मुलं बरीच सुधारतात, कारण पालक मूल सगळ्यात जास्त त्रासात असताना दवाखान्यात आणतात, आणि इसबाला चढउतार असतोच. त्यात आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यातला घाम आणि पावसाळ्यातला दमटपणा यांचा त्वचेवर वेगळा परिणाम होतो. मे महिन्यात औषध सुरू केलं आणि सप्टेंबरात मूल सुधारलं, तर श्रेय औषधाचं की ऋतूचं? शेजारी तुलनेचा गट असेल तरच याचं उत्तर मिळतं. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे : औषध मिळूनही जवळपास निम्म्या मुलांनी 75 टक्क्यांची पायरी गाठली नाही. ‘हमखास बरी होईल’ असं कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

संमतीपत्रावर सही करण्याआधी पुढच्या गोष्टी विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. चाचणी भारताच्या चाचणी नोंदणीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये आहे का? नोंदणी क्रमांक काय? तो क्रमांक घालून संकेतस्थळावर स्वतः पाहता येतं. रक्त किती वेळा आणि किती काढणार? मध्येच इसब चिघळला तर कोणतं औषध, किती तासांत मिळणार? देवगडहून येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च कोण देणार? चाचणी संपल्यावर औषध पुढे मिळणार, की बंद? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बरेच पालक उशिरा विचारतात, आणि तोवर मूल सुधारलेलं असतं. चाचणीमुळे मुलीला इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळण्याची तरतूद 2019 च्या नियमांत आहे. कागदावर ती कुठे लिहिली आहे ते दाखवायला सांगा. सात वर्षांपुढच्या मुलांचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. तुमच्या मुलीसाठी तो निर्णय तुम्हा पालकांचा. मधूनच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

मोजमापाबद्दलही एक सांगायला हवं. ईएएसआय हे इसबाच्या तीव्रतेचं गुणांकन 0 ते 72 असतं. डोकं-मान, हात, धड आणि पाय यांचा लालसरपणा, जाडी, ओरखडे आणि खाजवून जाड झालेली त्वचा पाहून गुण देतात. सावळ्या त्वचेवर लाली लालसर न दिसता तपकिरी किंवा जांभळट दिसते, आणि तपासणाऱ्याची नजर तयार नसेल तर गुण कमी पडतात. म्हणून दर वेळी शक्यतो तोच डॉक्टर असावा आणि तपासणी दिवसाच्या उजेडात व्हावी. घरी तुम्ही ‘पोएम’ ही प्रश्नावली ठेवा : गेल्या आठवड्यात खाज, झोपमोड, रक्त, पाणी सुटणं, भेगा, पापुद्रे, कोरडेपणा हे सात त्रास किती दिवस होते? एकही दिवस नाही 0, एक-दोन दिवस 1, तीन-चार 2, पाच-सहा 3, रोज 4. बेरीज 28 पैकी. 8 ते 16 मध्यम, 17 ते 24 तीव्र, त्यापुढे अतितीव्र. दर रविवारी लिहा. डॉक्टरांना ‘बरं वाटतंय’ यापेक्षा याचा जास्त उपयोग होतो.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, 20 किलोचा. एक डॉक्टर सायक्लोस्पोरिन सुचवतात, दुसरे मेथोट्रेक्सेट. दोन्ही औषधं ‘कॅन्सरची, किडनी बदलल्यावरची’ असं औषधवाला म्हणाला. कोणतं बरं? — एक वडील, गुहागर

उत्तर : या दोघांची समोरासमोर तुलना ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये 13 केंद्रांत झाली, 2 ते 16 वर्षांच्या 103 मुलांवर. निष्कर्ष 2023 मध्ये आले. सायक्लोस्पोरिन रोज किलोमागे 4 मिलिग्रॅम, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा किलोमागे 0.4 मिलिग्रॅम, 36 आठवडे उपचार, मग 24 आठवडे नुसतं लक्ष. बाराव्या आठवड्याला सायक्लोस्पोरिन पुढे होतं. औषध थांबल्यानंतर मात्र मेथोट्रेक्सेट घेतलेल्या मुलांची त्वचा अधिक काळ शांत राहिली. मूल आत्ता झोपत नसेल, त्वचा ओली असेल तर पहिलं. दोन-तीन महिने थांबण्याइतकी स्थिती असेल तर दुसरं, असा आमचा कल आहे.

धोका घरातल्या चुकीतूनही येतो. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच द्यायचं असतं. तुमच्या मुलाच्या वजनाला वरच्या हिशेबाने 8 मिलिग्रॅम येतात, म्हणजे 2.5 च्या साधारण तीन गोळ्या. चुकून रोज दिल्यास रक्तपेशी घसरतात, तोंड सोलवटतं, जिवावर बेततं. वार ठरवून कॅलेंडरवर लिहा, गोळ्या एकाच माणसाच्या ताब्यात ठेवा, फोलिक ॲसिड डॉक्टर सांगतील त्या दुसऱ्या दिवशी द्या. को-ट्रायमोक्सॅझोल या अँटिबायोटिकशी ते जुळत नाही. तापासाठी कोणाकडेही गेलात तरी आधी हे सांगा.

सायक्लोस्पोरिनला रक्तदाब आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) तपासावे लागतात. अंगावर लव वाढते, हिरड्या सुजतात. द्रव औषधात मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असतात. दिवसाचे 80 मिलिग्रॅम म्हणजे 0.4 मिली सकाळी, तितकंच संध्याकाळी. ते सिरिंजने मोजा, काचेच्या पेल्यात मिसळा आणि औषधाची बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका, औषध घट्ट होतं. आणि परसातलं पपनस या काळात मुलाला देऊ नका. ते औषधाची रक्तातली पातळी वाढवतं. एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिनही तेच करतात. आयब्युप्रोफेनचा ताण मूत्रपिंडावर पडतो.

दोन्ही सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी आणि लसींचा हिशेब करून घ्या. गोवर-रुबेला, कांजिण्या, तोंडावाटे पोलिओ या जिवंत लसी उपचार चालू असताना देत नाहीत, म्हणून राहिलेला डोस आधी पूर्ण करावा. नंतर आठवण आली तर अडचण होते.

प्रश्न : इंजेक्शन घरी ठेवायचं आहे. पावसात आमच्याकडे वीज दोन-दोन दिवस नसते. — वेंगुर्ला

उत्तर : डुपिलुमॅब 2 ते 8 अंशांत ठेवतात. बाहेर जास्तीत जास्त 14 दिवस चालतं, तेही 25 अंशांपर्यंतच. आपल्या घरात जूनमध्येही तापमान त्याहून वर असतं, तेव्हा ती 14 दिवसांची सवलत आपल्यासाठी नाहीच असं धरा. इंजेक्शन बर्फाच्या कप्प्याला लागून किंवा फ्रिजच्या दारात ठेवू नका. वीज गेली तर फ्रिज उघडू नका. लांबली, तर थर्मासच्या डब्यात गारपिशव्यांसह ठेवा. मात्र पिशवी आणि इंजेक्शन यांच्यामध्ये जाड फडकं हवं, कारण गोठलेलं इंजेक्शन टाकून द्यावं लागतं. सर्वांत सोपा उपाय : साठा करू नका, चार आठवड्यांनी एकच आणा, किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयाच्या लसींच्या फ्रिजमध्ये ठेवू देतील का ते विचारा. टोचण्याआधी 200 चं 30 मिनिटं, 300 चं 45 मिनिटं बाहेर ठेवा, गरम पाण्यात घालू नका. मांडी किंवा पोट. बेंबीभोवती 5 सेंटिमीटर सोडून, दर वेळी जागा बदलून. डोळे लाल झाले, चिकट झाले तर लगेच दाखवा. उपचारापूर्वी जंतांचं औषध पूर्ण झालेलं असावं.

प्रश्न : बांगडा, कोळंबी बंद केली, खोबरेल लावतो, तरी इसब जात नाही. — आजी, अलिबाग

उत्तर : मासे आपणहून बंद करू नका, आजी. खाल्ल्यावर दोन तासांत गांधी, उलटी किंवा ओठांना सूज येत असेल तरच तपासणी करा. खोबरेल चालतं, मोहरीचं नको. पण थेंबभराने भागत नाही : मुलाला आठवड्याला साधारण 250 ग्रॅम मऊ करणारं मलम लागतं, अंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच. उन्हाळ्यात दिवसा पातळ क्रीम वापरा, दाट मलम रात्री. नाही तर घामोळं धरतं. घरात इतरांनाही खाज असेल, तर आधी खरूज नाही ना ते पाहा.

प्रश्न : गावच्या डॉक्टरांचं एक इंजेक्शन दिलं की पंधरा दिवस अंग स्वच्छ होतं, मग दुप्पट उठतं. आतापर्यंत पाच-सहा झाली. — दापोली

उत्तर : हे स्टेरॉइडचं असण्याची शक्यता फार आहे. परिणाम उतरला की इसब उसळून येतो, आणि वारंवार दिल्यास मुलाची उंची खुंटते, चेहरा सुजतो, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावतं. पुढचं इंजेक्शन घेऊ नका, पण नुसतं घरीही बसू नका. आधीची पावती किंवा रिकामी कुपी घेऊन बालरोग किंवा त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मूल सतत पेंगत असेल, उलट्या होत असतील, ताप असूनही हातपाय गार असतील, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या आणि स्टेरॉइड दिल्याचं दारातच सांगा.