अविवाहित असल्याचा दाखला

गेल्या काही वर्षांत एक प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की समोरची जोडी खुर्चीत टेकायच्या आतच तो मला ओळखू येतो. "एकाला बाहेर नोकरी लागलीय. आमचं लग्न झालेलं नाही. दोघांना जाता येईल का, की व्हिसासाठी लग्न उरकून टाकावं?" खरं तर हा प्रश्न वकिलाचा. पण माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येणारे बहुतेक जण वकिलाकडे जाऊन आलेले असतात. तिथे उत्तर मिळालेलं असतं आणि घरातलं भांडण तरीही संपलेलं नसतं.

सायली आणि निनाद असेच आले. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला दोघांची परवानगी आहे.) ती एकोणतीस वर्षांची, चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरमधली. तिला नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनची ऑफर होती. तो एकतीसचा, डिझायनर. बाणेरला एका फ्लॅटमध्ये साडेतीन वर्षं एकत्र राहत होते.

"ताई, हा म्हणतो पुढच्या महिन्यात रजिस्टर लग्न करून टाकू," सायली म्हणाली. "गॅसचा नंबर लावायचा असावा तशा आवाजात."

"मॅडम, माझा मित्र जर्मनीला गेला. त्यालाही करावंच लागलं. नियमच आहे," निनाद म्हणाला.

मित्राचं बरोबर होतं, निनादचं चुकत होतं. सगळे देश एकाच तागडीत तोलायचे नसतात. जर्मनीत नोकरीवर जाणाऱ्याच्या मागोमाग कुटुंब म्हणून जाता येतं ते नवरा-बायकोला; नुसत्या जोडीदाराला ती वाट नाही. मग ज्याच्या हातात ऑफर नाही त्याने स्वतःच्या नावावर काहीतरी मिळवायचं: स्वतःची नोकरी, शिक्षण, नाहीतर जून 2024 पासून सुरू झालेलं 'चान्सनकार्ड', म्हणजे तिथे जाऊन काम शोधायचा परवाना. अमेरिकेत नोकरीवर गेलेल्याच्या कुटुंबासाठी असतो तो एच-फोर व्हिसाही लग्नाच्याच जोडीदाराला मिळतो. ब्रिटनमध्ये 'स्किल्ड वर्कर' व्हिसावर नोकरीला गेलेल्याचा अविवाहित जोडीदार चालतो, पण नातं किमान दोन वर्षांचं आणि लग्नासारखं आहे हे दाखवावं लागतं. कॅनडात सलग बारा महिने एका छपराखाली काढलेले असले तर तुम्ही 'कॉमन-लॉ पार्टनर', म्हणजे लग्नाशिवायही मान्य जोडीदार. नेदरलँड्स या बाबतीत फारच सरळ. तिथे उच्चकुशल कर्मचाऱ्याच्या अविवाहित जोडीदाराला परवाना मिळतो, आधी इतकी वर्षं एकत्र राहिलेलं असलंच पाहिजे अशी अट नाही. दोघांनी मिळून नात्याचं लेखी निवेदन द्यायचं, अविवाहित असल्याचा दाखला अपोस्टिल करून, म्हणजे परदेशात चालावा म्हणून त्यावर सरकारी शिक्का घेऊन, जोडायचा आणि तिथे गेल्यावर एकाच पत्त्यावर नोंदणी करायची. कंपनीला तिथल्या सरकारची 'प्रायोजक' म्हणून मान्यता असेल तर दोघांचे अर्ज तीच एकत्र भरू शकते.

हे सगळं निनादला दहा मिनिटांत कळायला हवं होतं. कळलंही. तरी तो म्हणाला, "पण लग्न केलेलं बरं ना, मॅडम? सेफ."

इथे मी चुकले. मला वाटलं, याला 'डिपेंडंट' हा शब्द बोचतोय. पोरगी पुढे, पोरगा तिच्या मागे. आपल्याकडे हे अजून पचत नाही. दीड सत्र मी त्याच्यावरच घालवलं. तिथल्या उच्चकुशल कर्मचाऱ्याच्या जोडीदाराच्या कार्डावर डच भाषेत चक्क 'काम करायला पूर्ण मुभा' अशा अर्थाची ओळ छापलेली असते, वेगळा वर्क परमिट लागत नाही, हेही त्याला सांगितलं. तो सभ्यपणे मान डोलवत राहिला. ज्या दुखण्यावर मी लेप लावत होते ते त्याला नव्हतंच.

तिसऱ्या भेटीत मी टेबलावरचा पेन कानाला अडकवला आणि म्हटलं, "आता मी व्हिसा अधिकारी. तुम्ही एकत्र राहता याचा पुरावा दाखवा." नेदरलँड्सला तो लागणार नव्हता, हे मला ठाऊक होतं. मला वेगळंच पाहायचं होतं.

दोघं हसत हसत मोबाइल चाळायला लागले. वीजबिल घरमालकाच्या नावावर. भाडेकरार एकट्या निनादच्या नावावर, कारण सोसायटीला लग्न न झालेली जोडी नको होती. एजंटने सुचवलं म्हणून गेटवरच्या रजिस्टरमध्ये सायलीची नोंद 'मामेबहीण'. तिची पार्सलं ऑफिसच्या पत्त्यावर. शेवटी तिला मेलमध्ये मिक्सरचं एक बिल सापडलं: नाव सायलीचं, पत्ता बाणेरचा. साडेतीन वर्षांचा संसार आणि कागदावर एक मिक्सर! हसू ओसरलं तशी ती म्हणाली, "आपण किती नीट लपवलंय रे."

मी दोघांना एकेक कोरा कागद दिला. तुमचं नातं ज्यांना ठाऊक आहे त्यांची नावं लिहा, एवढंच सांगितलं. सायलीने चौदा लिहिली. आई-बाबा, भाऊ, मावशी, शाळेतल्या मैत्रिणी. निनादने तीन लिहिली. दोन मित्र आणि स्वयंपाकाच्या मावशी.

कागद बराच वेळ टेबलावर पडून होते. अशा वेळी बोलायचं नसतं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. बाहेर कुणाची तरी स्कूटर तीनदा किक मारूनही सुरू होईना.

"आई नाहीये यात," शेवटी निनादच म्हणाला.

त्याची आई कराडला. वडील नाहीत. महिन्यातून एकदा तो जातो. ती पुण्याला यायचं म्हणाली की याचं काही ना काही निघतं.

"तिला सांगितलं तर ती कोसळेलच."

'असंच झालं पाहिजे' या हट्टातून माणूस स्वतःला त्रास करून घेतो असं सांगणाऱ्या अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांचे माझ्यावर संस्कार आहेत, त्यामुळे माझा कान शब्दांपेक्षा त्यांना चिकटलेल्या 'च'कडे असतो. इतर काही भाषांना जो हट्ट धरायला अख्खं वाक्य लागतं तो मराठीत एका अक्षरात मावतो. करावंच लागेल. कोसळेलच. सहन होणारच नाही.

"कोसळेल म्हणजे काय करेल? मला चित्र सांग," मी म्हटलं.

"रडेल. काका येईल समजवायला."

"मग?"

"दोन-तीन आठवडे बोलणार नाही."

"आणि महिन्याने?"

तो थांबला. "फोन करेल. जेवलास का, विचारेल."

सायली हसली नाही. ती त्याच्याकडे वळून बसली आणि अगदी सावकाश म्हणाली, "म्हणून तुला पुढच्याच महिन्यात लग्न हवंय. एकदा ते झालं की ही साडेतीन वर्षं आईला कधी सांगावीच लागणार नाहीत."

हे वाक्य माझं असतं तर मला अभिमान वाटला असता. ते तिचं होतं. मी फक्त कागद दिले होते. निनादने नाकारलं नाही. मान खाली घालून त्याने मिक्सरच्या बिलाचा स्क्रीनशॉट पुन्हा एकदा पाहिला, कशासाठी कुणास ठाऊक, आणि "हो" म्हणाला.

त्या दिवसापासून या प्रश्नाकडे मी वेगळ्या नजरेने बघते. आपल्याकडे अशा जोड्यांचं सगळं कसब खुणा पुसण्यात जातं. वकील, घरमालक, नातेवाईक, प्रत्येकाला वेगळी गोष्ट. आणि व्हिसाचा कागद एके दिवशी विचारतो, तुम्ही एकमेकांचे कोण? तो प्रश्न परदेशी कचेरीने विचारला म्हणून आपण तिच्यावर चिडतो. घरात तो कुणी विचारूच नये, अशी तजवीज आपणच केलेली असते.

तेव्हा आता कुणी असा प्रश्न घेऊन आलं की मी आधी विचारते: व्हिसाची भानगड नसती तर लग्न केलं असतं का, आणि कधी? दोघांनी वेगवेगळं लिहायचं, एकमेकांचं बघायचं नाही. दोन्हीकडे "हो, वर्षा-दोन वर्षांत" आलं तर व्हिसासाठी ते अलीकडे ओढण्यात मला काहीही खोटं दिसत नाही. तारीख नोकरीने ठरवली, माणूस तुम्ही ठरवला. एकीकडे "हो" आणि एकीकडे नुसती रेघ असेल, तर लग्नाने मिळालेला परवाना त्या रेघेचं काही करू शकत नाही.

लग्नच करायचं ठरलं तर निदान कॅलेंडर बघा. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस देऊन तीस दिवस थांबावं लागतं. दोघांपैकी एकजण नोटिशीआधी किमान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहत असायला हवा, लग्नाला तीन साक्षीदार लागतात, आणि नोटीस कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते. म्हणजे "गुपचूप उरकू" म्हणणाऱ्यांची तिथेच पंचाईत. त्यानंतर पुन्हा वकिलातीची अपॉइंटमेंट. ऑफर स्वीकारल्यावर हे सुरू करणारे लोक दोन-दोन विमानतळांवर रडतात.

दुसरी गोष्ट कुणालाच ऐकायला आवडत नाही. जोडीदाराचा परवाना नात्यावर टांगलेला असतो. नातं संपलं तर ते तिथल्या कार्यालयाला कळवावं लागतं आणि पायाखालचा कागदही सरकतो. म्हणून मागून जाणाऱ्याचं स्वतःचं बँक खातं हवं, परतीच्या तिकिटाचे आणि दोन-तीन महिन्यांच्या राहण्याचे पैसे त्यात हवेत. सायलीला हे अविश्वासाचं वाटलं. मी तिला विचारलं, घराला कुलूप लावतेस तेव्हा शेजाऱ्यांवर अविश्वास असतो का? ती गप्प बसली. पटलं असं नाही, पण पैसे बाजूला ठेवले.

आणि नियम वर्षा-वर्षाला फिरतात. मित्राचा अनुभव हा मित्राच्या वर्षाचा असतो. त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा.

निनादने आईला सांगितलं. फोनवर नाही, कराडला जाऊन. ती रडली, काका आला, अबोला मात्र अकरा दिवसांचाच झाला. दरम्यान दोघांनी अविवाहित राहूनच जायचं ठरवलं होतं. लग्न करायचं, पण परत येऊन, सगळ्यांना बोलावून. दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र करायला गेले तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांचंही एक असेल तर काम सोपं होईल, असं वकिलांनी सुचवलं. म्हणजे मुलगा सायलीबरोबर राहायला जाऊ शकावा, म्हणून त्याचं लग्न झालेलं नाही हे आईने लिहून द्यायचं.

आई आली. पुढचं मला सायलीने फोनवर सांगितलं. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने रजिस्टर पुढे केलं आणि आपुलकीने म्हणाला, "काकू, तुमची भाची घरातच आहे." आईने सही केली, वर आली, पाणी प्यायली. सायली चहा टाकत होती. तिच्या शेजारी ओट्याला टेकून आई म्हणाली, "आलं किसून घाल. आणि मला सांग, मला भाऊच नाही, तर भाची कुठून आली?"