कागदावरचे समुद्रमंथन

प्रश्न : समुद्रमंथनाच्या कथेवर कागदी कातरकामातून तीन मिनिटांची ॲनिमेशन फिल्म करण्याचा माझा विचार असून तीत चौदाही रत्ने दाखवायची आहेत. चाचणीसाठी काढलेल्या छायाचित्रांत मात्र उजेड लुकलुकतो आणि पात्रे ताठर दिसतात. काय करावे?

उत्तर : सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी स्थिर चित्रे, धरून प्रत्येक छायाचित्र दोन फ्रेम ठेवले, तरी तीन मिनिटांसाठी २,१६० छायाचित्रे लागतात. त्यात चौदा रत्ने बसवली, तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम १३ सेकंद येतील आणि मंथनाऐवजी रत्नांची मिरवणूक होईल. माझ्या मते हलाहल आणि अमृत एवढेच घ्यावे. कागदाला खरा वाव आहे तो वासुकीत. पंख्यासारख्या घड्या घातलेली लांब पट्टी एकीकडे ताणली आणि दुसरीकडे आवळली, की दोराची ओढ आपोआप दिसू लागते. हलाहलासाठी काच खालून उजळून तिच्यावर निळ्या ट्रेसिंग पेपरचे तुकडे एकावर एक चढवत गेल्यास रंग फ्रेमगणिक गडद होत जातो. देव आणि दानव एकच दोर ओढत असल्याने त्यांची धडे एकाच साच्यातून कापून फक्त मस्तके निराळी करता येतील. कथेलाही ते शोभते.

लुकलुकण्याचे कारण बहुधा कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन असते. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते), व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगछटेनुसार रंगांचा मेळ) आणि फोकस हाताने ठरवून कायम ठेवावेत, खिडकी पूर्ण झाकावी आणि गडद कपडे घालावेत, कारण पांढऱ्या सदऱ्यावरून परतणारा उजेडही छायाचित्रात उतरतो. पंखा अर्थातच बंद हवा.

ताठरपणा बहुतेक वेळा प्रत्येक हालचाल समान अंतराने केल्यामुळे येतो. हात उचलताना आरंभी अगदी थोडे, मध्ये मोठे आणि शेवटी पुन्हा थोडे अंतर ठेवावे, व ओढ पूर्ण झाल्यावर पात्राला काही फ्रेम तसेच स्थिर राहू द्यावे. दिव्यांच्या उष्णतेने आणि हवेतल्या दमटपणाने कागद वाकतो, म्हणून पात्रांसाठी जाड कार्डशीट वापरून वर काच ठेवावी. १९२६ मध्ये पूर्ण लांबीचा छायाकृतिपट पडद्यावर आणणाऱ्या जर्मन कलावती लोट्टे रायनिगर आपल्या बाहुल्यांसाठी काळ्या पुठ्ठ्याबरोबर शिशाचे पातळ पत्रेही वापरत असत. आपण मात्र शिशाच्या वाटेला जाऊ नये, ते विषारी असते. बाकीची पात्रे कापण्यापूर्वी एकट्या वासुकीचे दहा सेकंदांचे चित्रीकरण करून पाहावे.