डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये पहिल्यांदाच डीएम होताय? एवढं सांभाळा

पहिल्या सत्राआधी पोटात गोळा येतोच, पण तुम्ही डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारा) व्हायचं ठरवलंत हे फार छान केलंत. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत, पात्रं होऊन खेळायच्या खेळाचे मूळ नियम मोफत मिळतात, सुरुवातीला तेवढे पुरेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आख्खं जग आधी रचून बसणं. राजघराणी, नकाशे, हजार वर्षांचा इतिहास... आणि खेळाडू भलत्याच गल्लीत शिरतात. एक गाव, एक अडचण, नावं असलेली तीन-चार माणसं, बस्स. अडचण तुम्ही द्या, उत्तर त्यांना शोधू द्या. खरी मजा तिथेच आहे.

आणखी थोडं:
- पहिल्या लेव्हलचा जादूगार जेमतेम 7-8 हिट पॉइंटचा (पात्रात किती जीव उरलाय ते दाखवणारे गुण) असतो आणि गॉब्लिनच्या (छोट्या राक्षसाच्या) एका फटक्यात 8 जाऊ शकतात. शत्रू मोजून ठेवा.
- पुढे जायचा एकमेव दरवाजा 20 बाजूंच्या फाशावर टांगू नका. फासा मनासारखा पडला नाही तर सगळे अडकून बसतात.
- नियम अडला तर तिथल्या तिथे निर्णय द्या, पुस्तक नंतर उघडा.

पुढच्या सत्राची तारीख टेबलावरून उठण्याआधीच ठरवा. माझ्या दोन मोहिमा (अनेक सत्रं चालणाऱ्या कथा) तारखा न जुळल्यामुळेच थांबल्या, अजून हळहळ वाटते.

मल्टिक्लासिंग (एकाच पात्राने जादूगार, योद्धा असे एकाहून जास्त वर्ग घेणं) वगैरे नंतर बघू.