न्यूकॅसल या इंग्लिश फुटबॉल क्लबचा कोच एडी हाव स्वतः मोठा खेळाडू होता का?

मोठा असं नाही, पण बरा डिफेंडर होता, बोर्नमथ क्लबचा घरचाच पोरगा. 2002 मध्ये पोर्ट्समथने घेतला आणि तिथे गुडघ्याने पार वाट लावली, लीगच्या जेमतेम दोन मॅच झाल्या. 2004 मध्ये परत बोर्नमथला यायचं तर क्लबकडे पैसेच नव्हते, मग फॅन्सनी वर्गणी काढून थोड्या दिवसांत 21 हजार पाउंड जमवले आणि त्याला परत आणला! 2007 ला बूट ठेवले.

खरी गंमत पुढेच आहे. 2008 च्या शेवटी बोर्नमथची टीम कोच म्हणून त्याच्या हातात आली तेव्हा क्लब चौथ्या डिव्हिजनमध्ये, वरून 17 पॉइंट्स कापलेले, क्लब बुडणार असंच सगळे धरून चालले होते आणि हा फक्त 31 वर्षांचा. तरी टीम वाचवली, पुढच्याच सीझनला वर नेली, मधे बर्नलीला जाऊन आला (ते काही फार जमलं नाही) आणि 2015 मध्ये बोर्नमथ थेट प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये. 2020 ला खाली घसरले तेव्हा सोडलं.

नोव्हेंबर 2021 पासून न्यूकॅसल. मार्च 2025 मध्ये लिव्हरपूलला 2-1 हरवून लीग कप, 1955 नंतरची त्यांची पहिली मोठी देशी ट्रॉफी. क्लबच्या सौदी मालकांचा पैसा होता हे खरंय, पण सगळं श्रेय पैशाला देणं मला तरी पटत नाही.