जिप्सीच्या मागून येणारी टक्‌टक्

प्रश्न : काका, माझ्याकडे जुनी जिप्सी आहे. गेल्या पावसाळ्याआधी ती दोन इंचांनी उंच करून घेतली. मागच्या पाट्यांत (पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये) एक जादा पाटा, लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती कडी), पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे नवे लांब यू-बोल्ट आणि लांब शॉकअप असं सगळं काम झालं. तेव्हापासून मागून आवाज येतो. स्पीडब्रेकर तिरका घेतला की येतो. रिव्हर्स घेऊन पुन्हा पुढे काढली की येतो. कॉलनीत हळू चालवताना करकर ऐकू येते. बायपासवर सलग चालवली तर काही नाही. पाऊस पडत असला की कमी होतो. डावीकडून येतो असं वाटतं. एका मिस्त्रींनी "शॉकअप गए भिया" म्हणून शॉकअप बदलले, दुसऱ्यांनी शॅकलचे रबरी बुश बदलले. यू-बोल्ट दोघांनीही पाना लावून पाहिले, घट्ट आहेत. नटाच्या खाली बोटभर आटे बाहेर आलेले दिसतात, म्हणजे बोल्ट कमी पडलेले नाहीत. मित्रांबरोबर जानापावच्या डोंगरावर जायचंय, पण हा आवाज घेऊन चढावर न्यायची हिंमत होत नाही. काय करू?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : हिंमत होत नाही तेच बरं आहे. कारण सापडेपर्यंत जानापाव राहू द्या. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण त्यात उत्तर जवळजवळ आलेलंच आहे.

तुमच्या गाडीत एक आवाज नाही, दोन आहेत. करकर वेगळी आणि टक् वेगळी. दोन्ही मिस्त्रींनी त्यांना एकच धरलं, म्हणून पैसे गेले आणि आवाज राहिला. करकर पावसात कमी होते, म्हणजे ती कोरड्या घर्षणाची आहे, रबराची किंवा पाट्यावर पाटा घासण्याची. तिची घाई नाही. टक् मात्र आजच बघायची गोष्ट आहे.

रिव्हर्स टाकला की एक टक्, पुढे काढली की दुसरी, आणि एकाच दिशेला जात राहिलात तर शांत. याचा अर्थ कुठेतरी मोकळी जागा आहे आणि जोराची दिशा बदलली की तो भाग या टोकावरून त्या टोकाला सरकतो. शॉकअपचं काम वर-खाली. गाडी पुढे जाते की मागे, याचं त्याला देणंघेणं नाही. शॉकअप बदलायच्या आधी एवढा विचार झाला असता तर तुमचा खर्च वाचला असता, आणि हे मी रागाने नाही, कळकळीने लिहितोय. आपल्याकडे पार्ट बदलून निदान करायची सवय लागली आहे. मी पीथमपूरला सस्पेन्शनच्या टेस्टिंगवर होतो. तिथे नवा माणूस आला की त्याला पहिले काही दिवस पान्याला हातच लावू देत नसत. आवाज कधी येतो आणि कधी येत नाही, एवढंच वहीत लिहायचं.

आता जागा तीन उरतात : प्रॉपेलर शाफ्टचे (इंजिनाची ताकद मागच्या अ‍ॅक्सलला नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस म्हणजे सांधे आणि स्प्लाइन म्हणजे आत-बाहेर सरकणारा खाचांचा जोड, पाट्याच्या पुढच्या डोळ्याचा (गोल वळवलेल्या टोकाचा) बुश, आणि यू-बोल्ट. शाफ्ट तपासणं सोपं आहे. सपाट जागी चाकांच्या पुढे-मागे लाकडाचे ठोकळे लावा, गिअर न्यूट्रल करा आणि शाफ्ट हाताने इकडून तिकडे फिरवून बघा. क्रॉसमध्ये खेळ असेल तर बोटांना लगेच कळतो. गाडी उंच केल्यावर स्प्लाइन थोडी बाहेर ओढली जाते आणि कोरडी असेल तर तीही टक् करते, म्हणून ग्रीस भरून घ्या. पण तिरक्या स्पीडब्रेकरवर आवाज येतो हे तुम्ही लिहिलंत, आणि तिथे माझा संशय शाफ्टवरून उठून यू-बोल्टवर जातो. तिरक्या स्पीडब्रेकरवर एक चाक वर आणि एक खाली असतं, अ‍ॅक्सल पिळला जातो, आणि पाट्यावरची त्याची बैठक ढिली असेल तर तो तिथेच हलतो.

तुम्ही म्हणाल, यू-बोल्ट तर घट्ट आहेत. पाना फिरत नाही हे मला मान्य आहे. पण पाना दोन कारणांनी थांबतो. एक, पाट्यांवर पूर्ण दाब बसला म्हणून. दुसरं, बोल्टवरचे आटे संपले म्हणून. लांब यू-बोल्टला आटे टोकाकडे ठरावीक अंतरापर्यंतच पाडलेले असतात, त्यापुढे दांडी साधी असते. तुमच्या पाट्यांचा गठ्ठा एका पाट्याने जाड झाला, पण बोल्ट त्याहून जास्त लांब आला असणार. नट वर चढत गेला, आटे संपले, साध्या दांडीवर जाऊन अडला. पान्याला दगडासारखा घट्ट लागतो आणि प्लेटवर पुरता दाबच नाही. जिप्सीत पाटा अ‍ॅक्सलच्या खाली असतो, यू-बोल्ट हाऊसिंगवरून (अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या पोलादी नळीवरून) खाली उतरतो आणि नट तळाच्या प्लेटखाली येतात. तिथे बोटभर आटे बाहेर लोंबताहेत, हीच मला खूण वाटते. तुम्ही ती बोल्ट पुरेसा आहे याची खूण समजलात. नटाच्या वरच्या बाजूला टॉर्च मारा. प्लेटमधून वर आटे जाताना दिसतात की गुळगुळीत दांडी नटाला टेकली आहे, ते बघा.

आणखी एक गोष्ट. पाटे आणि हाऊसिंग यांना एकत्र धरून ठेवतो तो यू-बोल्टचा दाब. मधला सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवायला असतो, त्याचं डोकं बैठकीच्या भोकात बसतं एवढंच. यू-बोल्ट ढिले झाले की अ‍ॅक्सलचा सगळा पुढे-मागे धक्का त्या बारीक बोल्टवर येतो. तो तुटला की अ‍ॅक्सलची एक बाजू मागे सरकते आणि गाडी वाकडी चालायला लागते. घाटात हे झालं तर काय होईल, ते मी लिहायला नको.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. पांढरा रंग आणि बारीक ब्रश घ्या. दोन्ही बाजूंना प्लेट, पाट्यांचा गठ्ठा आणि वरची बैठक यांच्यावरून एक सरळ उभी रेघ ओढा. वाळू द्या. मग कॉलनीत पाच-सहा वेळा रिव्हर्स-पुढे करा, एक-दोन स्पीडब्रेकर तिरके घ्या, परत येऊन रेघ बघा. कुठेही तुटली किंवा सरकली असेल तर चोर सापडला. रेघ ओढताना यू-बोल्टच्या कडेला तांबूस, मैद्याइतकी बारीक पूड दिसते का तेही बघा. लोखंड लोखंडावर सूक्ष्म घासत राहिलं की ती पडते, आणि तिच्या शेजारी धातू चकचकीत झालेला असतो. साध्या गंजाला ती चकाकी नसते. शेवटी टेप घेऊन पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून हाऊसिंगच्या मधापर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. फरक आला तर सेंटर बोल्ट गेला किंवा वाकला असं धरा आणि गाडी चालवू नका.

डावी-उजवीच्या भरवशावर राहू नका. चासी अखंड पोलादाची आहे, उजवीकडचा ठोका डावीकडे ऐकू येतो. दोन्ही बाजू तपासा.

दुरुस्ती : योग्य लांबीचे आणि पुरेसे आटे असलेले नवे हाय-टेन्साइल (जास्त ताण सोसणारे) यू-बोल्ट. छोटी ग्वालटोलीतल्या पार्टच्या दुकानांत चौकशी करा, पण साधी सळई गरम करून वाकवलेले घेऊ नका, आणि जुन्यांत जाड वॉशर भरून वेळ मारून नेऊ नका. गठ्ठा उघडलाच आहे तर सेंटर बोल्टही नवा. बैठकीवर रंगाचे थर असतील तर खरवडून काढा, रंग दबला की दाब उतरतो. नट आलटून-पालटून, समोरासमोरचे, टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने), वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. काही शे किलोमीटरनंतर पुन्हा कसायचे. नवा गठ्ठा बसतो, त्यामुळे हे दुसऱ्यांदा कसणं कामाचाच भाग आहे.

आता करकर. स्प्रेची बाटली साध्या पाण्याने भरा. दोघांना मागचा बंपर दाबून गाडी हलवायला सांगा, आणि एकेका बुशवर पाणी मारत जा. ज्यावर पाणी पडल्यावर आवाज थांबला, तो बुश. बहुतेक तो फाटलेला नसेल, चुकीच्या स्थितीत कसलेला असेल. गाडी उचलून पाटे लोंबत असताना शॅकलचे नट कसले की रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं, करकरतं आणि लवकर फाटतं. म्हणून चाकं जमिनीवर, गाडीचं वजन पाट्यांवर, मग नट सैल करा, गाडी थोडी हलवा आणि तशीच कसा. दुसऱ्या मिस्त्रींनी घातलेले नवे बुश याने वाचू शकतात. करकर घालवायला जळकं ऑइल किंवा डिझेल मात्र मारू नका, रबर फुगून मऊ पडतं.

जाता जाता, शॅकल जितकं लांब केलंत त्याच्या निम्मीच उंची मिळते, दोन इंच लांब शॅकलने एक इंच. शिवाय मागच्या हाऊसिंगचं नाक, म्हणजे शाफ्ट जोडलेलं टोक, वर फिरतं आणि शाफ्टचा कोन बदलतो. तुम्हाला थरथर जाणवत नाही, तर आत्ता त्याला हात लावू नका. आणि मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीतल्या फेरबदलांवर बंधनं आहेत. आरटीओ आणि विमा या दोन्हींकडे कागद स्वच्छ आहेत का ते बघा.

रेघ कुठे तुटली ते मला कळवा.

प्रश्न : माझ्या गाडीला मागे कॉइल स्प्रिंग आहेत. स्प्रिंगखाली स्पेसर टाकून उंच केली, शॉकअप कंपनीचेच ठेवले. स्पीडब्रेकर उतरताना मागे एकदाच ठक् होतं. चढताना होत नाही.
— एक वाचक, मांडवी, वडोदरा

उत्तर : चाक खाली लोंबतं तेव्हाच ठक् होतं, म्हणजे शॉकअप पूर्ण ताणला जाऊन टोकाला आपटतोय. स्पेसरने गाडी वर गेली, शॉकअपची लांबी तीच राहिली, त्यामुळे खाली जायला जागाच कमी उरली. चासीला जॅक लावून मजबूत स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका, आणि चाकं लोंबू द्या. शॉकअप दोरीसारखा ताठ असेल तर निदान पक्कं. उंचीच्या मापाचे लांब शॉकअप बसवा. त्याच वेळी अ‍ॅक्सलकडे जाणारा ब्रेकचा रबरी होज (नळी) बघा. लोंबत्या स्थितीत तो ताणलेला दिसला तर लांब होज बसेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.